कोरडी पट्टी

१४ नोव्हेंबर

प्रिय ताईस,
सप्रेम नमस्कार.

मी इकडे बरी आहे, तुम्ही सगळे बरे असालच. भावोजींचा खोकला गेला का? मावशीकडून कळलं होतं. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं झालंय, सांभाळून घे. पेनाला चिंधी गुंडाळून लिहिते आहे, सकाळी बोटं मिटत नाहीत. माझा संधिवात तुला ठाऊकच आहे. अंगठी बोटात जाणार नाही, तेव्हा लग्न केलं नाही ते बरंच झालं.

शिवणकाम चालू आहे. मालकिणीने मला मशीनवरून उठवून हातशिलाईला बसवलंय. लहानपणी आपण दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं करायचो आणि आई ओरडायची, आठवतं? आता तोंडात तेवढीही थुंकी नसते. शेजारी पाण्याची वाटी ठेवते. मालकिणीला वाटलं, मला स्वच्छतेची अक्कल आली. कौतुक केलं, मीही करून घेतलं.

डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं म्हणून परवा दवाखान्यात गेले. डॉक्टरबाईंनी खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवली आणि डोळे मिटून बसवलं. चांगल्या डोळ्यात ती भिजत जाते म्हणे. माझी घातली तशीच निघाली. त्या म्हणाल्या, हा आजार नावाला सांध्यांचा. कुंपणच शेत खातं ना, तसं अंगाची राखण करणारंच अंगावर उलटतं. मग डोळ्यातलं पाणी, तोंडातली लाळ, काही सोडत नाही. डोळे कधीपासून कोरडे आहेत, असं त्यांनी विचारलं. मला आई गेली तो दिवस आठवला.

तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "दगड आहेस तू. आईसाठी एक टिपूस नाही."

मला तुझा राग आला नाही, कारण मलाही तेच वाटत होतं. आतून मी रडत होते आणि बाहेर काही येत नव्हतं. तेव्हापासून मीही स्वतःला दगडच समजत आले. तू पत्र टाकणं बंद केलंस, तेही मला योग्यच वाटलं.

आणि आईला घेऊन सगळे स्मशानाच्या चढावर गेले तेव्हा मी खाली पायरीवर बसून राहिले. त्याबद्दल तू बोलली नाहीस, पण वळून पाहिलंस. मला चढताच येत नव्हतं गं. श्वास पुरत नव्हता. मी सगळ्यांना गुडघ्यांचं सांगितलं, कारण गुडघ्यांचं लोकांना पटतं.

मघापासून टाळते आहे, आता लिहितेच. छातीचे फोटो काढले. फुफ्फुसांच्या तळाशी व्रण धरलेत, तेही याच आजाराने. बुधवारी मोठं औषध सलाईनमधून देणार आहेत. लागू पडलं तर आहे तिथे थांबेल, गेलेलं परत येणार नाही. नाही पडलं तर काय, हे विचारायचा धीर झाला नाही. हल्ली केस विंचरतानाही धाप लागते. ताई, मला मरायचं नाही. मला फार भीती वाटते.

घरचं माणूस सोबत आणा, डॉक्टरबाई म्हणाल्या. मी तुला न विचारता तुझं नाव सांगून आले. माझं दुसरं कोण आहे?

रागावलीस तरी चालेल, पण रागवायला इथे ये. ती पट्टी मी मागून घेतली, पाकिटात घातली आहे. हे लिहिताना मी रडते आहे. कागदावर डाग शोधू नकोस.

कोरडे का होईनात, पण दाराकडे डोळे लावून बसलेली,
तुझी धाकटी