बिनतुऱ्याची टिटवी

प्रिय इंगेलिस,

गेल्या महिन्यात प्रेबेन नावाचे गृहस्थ कारखान्यात आले. "माझ्या शेजारच्या बाईंना पडदे हवेत. निळ्यावर पांढऱ्या टिटव्या. पण तुरा नको म्हणाल्या."

मी हसू दाबलं. छपाईच्या त्या लाकडी ठशावरचा टिटवीचा तुरा लहानपणी आपण दोघींनी भांडताना मोडला, आणि बाबांनी लगेच तिथे तुऱ्याऐवजी पितळेची पट्टी ठोकली. बिनतुऱ्याची टिटवी आपल्या दोघींशिवाय आता कोणाला ठाऊक?

"ही लाकडं चुलीत घाल, यंत्र आण," असं मला सुनावून तू आपलं रिबे गाव सोडलंस. मीही मग प्रेबेनना त्या बाईंचं नाव विचारलं नाही. पट्टी उपसली, रंग अडवणारी खळ लावून कापडावर ठसे उठवले, तागा निळीत बुडवला. धुताना खळ निघाली आणि पांढऱ्या, बोडक्या टिटव्या दिसू लागल्या. अगदी तुझ्यासारख्या, ताठ मानेच्या!

हे पत्र टाकणार नाही. नाव तू लपवलंस, मग आधी मीच का बोलू?

आज प्रेबेन पडदे न्यायला आले. "अहो, कडा शिवायच्या राहिल्या की!"

"बाईंना सांगा, कडा शिवणारी आमच्यावर रुसून गेली. तिची खुर्ची अजून तिथेच आहे."

तुझ्याइतकीच ताठ,
मारेन