खंडेनवमीचा माऊस

कोल्हापूर,
१२ सप्टेंबर २००४

ती. अण्णा,

शिवलीलाचा नमस्कार. सहा वर्षांत तू एकाही पत्राला उत्तर दिलं नाहीस, तरी हे वाचशील असं धरून चालते. अव्वाचे गुडघे तसेच आहेत, अप्पांचा चहाही तसाच. छापखान्यात गणपती मंडळांच्या पावतीपुस्तकांची गडबड आहे. हुबळीत तुझं कसं चाललंय?

आपला छोट्या पडद्याचा जुना संगणक आठवतो ना? अप्पांनी दोन वर्षं खपून त्यावर स्वतः काढलेली छपाईची अक्षरं, त्यांचा फॉन्ट, त्यातच अडकून पडली होती. माऊस मेला आणि तसला माऊस कुठेच मिळेना. लोक म्हणाले, भंगारात घाला. मी म्हटलं, बघते.

भंगारवाल्या केरबामामांकडून दुसऱ्याच जातीच्या संगणकाचे तीन जुने माऊस आणले. प्लग तसाच, नऊ पिनांचा, पण आतल्या तारांचा क्रम निराळा. पहिला कशालाच दाद देईना. दुसरा मी चुकीची तार जोडून जाळला. अव्वा म्हणाली, “सोड की आता.” सोडते कशाला! तिसऱ्याची एकेक तार मीटरने तपासली, कागदावर मांडली, कथलाचा डाग देऊन जोडली. बाण हलला, पण उलटा. उजवीकडे नेला की डावीकडे पळायचा. दोन तारा अदलाबदल केल्या आणि शुक्रवारी सरळ चालला.

एवढा हट्ट का, ते आता लिहिते.

तू गेलास त्या वर्षी खंडेनवमीला कटरची पाती, छपाईचे खिळे जुळवायची पट्टी, सगळी हत्यारं मी धुऊन पुजायला मांडली. माऊसही हत्यारच, म्हणून तोही बादलीत बुडवून काढला. विभूती लावली, उन्हात वाळवला. वरून कोरडा लागला म्हणून जोडला आणि तो गेला. आठवडाभर आधी तू तो साफ करायला उघडला होतास. अप्पांनी तुलाच धरलं. गिऱ्हाइकांसमोर तुझ्या कानाखाली मारली, “माझ्या मशीनला परत हात लावायचा न्हाय,” म्हणाले. मी दाराशी उभी होते, अण्णा. पाणी ओतायला उचललेली बादली अजून माझ्या हातात होती. दुसऱ्या दिवशी तू सकाळच्या गाडीने घर सोडून गेलास तरी माझं तोंड उघडलं नाही. मी भित्री होते. माझा मार मी खाल्ला नाही, तुझ्यावर ढकलला.

शुक्रवारी माऊस चालल्यावर अप्पांना बोलावलं आणि मशीनसमोरच सगळं सांगितलं. मला वाटलं, आता माझी पाळी. ते पडद्याकडे बघतच म्हणाले, “पोरगं न्हाय न्हाय म्हणत हुतं. मी ऐकलंच न्हाय की.”

एवढंच. मग माऊस हातात घेतला. मला सरक म्हणाले आणि खुर्चीत बसले. अर्धा तास लागला. प्रिंटरमधून एक चिठ्ठी निघाली, ती त्यांनी स्वतः कापली आणि स्वतः डकवली.

पाकीट टाकलं असशील तर उचल. त्यावरचं तुझं नाव अप्पांच्या अक्षरांत आहे. सहा वर्षांनी त्यांनी पहिलं काढलं ते तेच.

खंडेनवमीला ये. या वेळी माऊस तू पुसायचास, कोरड्या फडक्याने. मला जे बोलायचं ते तोंडावर बोल, मी दाराशी उभी राहणार नाही.

बादली खाली ठेवलेली,
तुझी शिवलीला