लाल दिव्याची वायर

आई,

काल दुरुस्तीला आलेल्या एका गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला. हल्ली गाडीला यंत्र जोडलं की बिघाड पडद्यावर लिहून येतो, तरी मी बराच वेळ बॉनेट उघडलंच नाही. तू जाऊन एकोणीस वर्षं झाली. ज्या दिवसाबद्दल आपण दोघी पुन्हा कधी बोललो नाही, तो तर त्याच्याही कितीतरी आधीचा. तेव्हा कोकणात रेल्वे यायची नुसती बोलणी चालली होती आणि मी बावीस वर्षांची होते.

आपलं दुकान मच्छीबाजाराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. आजोबांनी तुला गाड्यांचं वायरिंग शिकवलं, तू मला. बाबा बोटीवर, वर्षाकाठी एकदा घरी यायचे. ज्या गाडीवरून ते सगळं घडलं, ती पहिल्यांदा दारात उभी राहिली तेव्हा अख्खी आळी बघायला जमली होती. आखातात कमावून आलेल्या शेठनी ती परदेशातून आणवलेली. डोंगरावरही चढेल अशी, चारही चाकांनी ओढणारी, आत कातड्याच्या सीटा आणि थंड हवा. रत्नागिरीत तशी दुसरी नव्हती. आणि तिचा लाल दिवा मध्येच लागायचा, मध्येच विझायचा. तू इंजिनावरचा, तो दिवा लावणारा ऑइलचा स्विच बदललास, तर आठ दिवसांत गाडी परत. मग तू वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासलीस, एका जागी घासलेली होती ती नीट केलीस. तेव्हाच तू म्हणाली होतीस, "शेठ, हे वायरीचं दुखणं नसेल. गाडी तापवून, चढावर नेऊन ऑइलचं प्रेशर मोजायला हवं. अर्धा दिवस गाडी ठेवा." शेठ म्हणाले, "बाई, पुन्हा दिवा दिसला तर हे दुकान इथे दिसणार नाही." आवाज जराही चढवला नव्हता त्यांनी. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

तिसऱ्यांदा गाडी आली तेव्हा तू नाटे गावी मावशीकडे गेली होतीस, दीडच्या एसटीने परत येणार होतीस. ड्रायव्हर एकटाच आला. "ताई, दोन वाजता कोल्हापूरला निघायचंय. शेठच्या आईला डॉक्टरकडे न्यायचंय, शेठ आणि पोरंपण आहेत बरोबर. शेठ म्हणाले, दिवा दिसता कामा नये." मी बॉनेट उघडते. प्रेशर मोजायचं गेज कपाटात आहे. पण ते लावायचं, गाडी चढावर न्यायची, आणि काही मोठं निघालं तर शेठच्या घरी जाऊन सांगायचं. माझ्या डोळ्यांपुढे आपलं बंद दुकान येतं. मी स्विचवरची वायर काढते, तिच्या टोकाला टेप गुंडाळते आणि आत खुपसून ठेवते. आता इंजिनात थेंबभर ऑइल पोचलं नाही तरी तो दिवा लागणार नव्हता. ड्रायव्हर खूश होऊन गेला.

तू दीड वाजता आलीस. माझ्याकडे बघून विचारलंस, "काय गो, तोंड का उतरलंय?" मी म्हटलं, काही नाही. तू हातपाय धुतलेस, मी पान वाढलं, तू जेवलीस, जरा आडवी झालीस. पावणेतीनला मला ते सोसवेना झालं. तुला उठवून सगळं सांगितलं. तू ओरडली नाहीस. विचारलंस, "किती वाजता निघाले?"

"दोनला."

"घाटात इंजिन जाम झालं म्हणजे? ब्रेक दगडासारखा होतो, दाबला तरी दबत नाही, बाय. म्हातारी आहे त्यात."

बर्फाच्या कारखान्यातली जीप तू कशी मिळवलीस ते मला माहीत नाही. पाली गेलं, साखरपा जवळ यायला लागलं, तरी ती गाडी दिसेना. प्रत्येक वळणाला मी आधी दरीकडे बघत होते, मग रस्त्याकडे. कुठे झाडी मोडलेली दिसली की मी मान बाहेर काढून खाली बघायचे. तू गेज पदरात गुंडाळून मांडीवर घट्ट धरलं होतंस आणि घाट सुरू व्हायच्या आत सापडू देत, असं कुणाला तरी पुन्हापुन्हा सांगत होतीस. साखरप्याच्या अलीकडे एका चहाच्या हॉटेलपाशी ती उभी होती. म्हातारीला गाडी लागली होती, म्हणून थांबले होते. पोरं बिस्किटं खात होती. तू उतरलीस, मी पोरांना मोजत जीपमध्येच बसून राहिले.

शेठ उठून आले. "आता काय? दिवा तर लागला नाही."

"तो लागणारच नव्हता," तू म्हणालीस. "त्याची वायर काढलेली आहे."

"कुणी काढली?"

तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. म्हणालीस, "मी."

शेठ खूप बोलले. बायकांच्या हातात गाडी दिली हीच आपली चूक, असं हॉटेलातल्या सगळ्यांसमोर म्हणाले. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "बोला तुम्ही, पण मला आता बघू द्या." स्विच काढून त्या जागी गेज बसवलंस. इंजिन चालू केल्यावर काटा कसाबसा उभा राहिला. रेस वाढवली तर तो वर जायच्या ऐवजी खाली आला. तू पोतं पसरून गाडीखाली गेलीस आणि तिथूनच ड्रायव्हरला हाक मारलीस. इंजिनाखालचा ऑइलचा चेंबर वाटीएवढा आत दबला होता, तेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाला टेकेपर्यंत, त्यामुळे तेल पुरेसं वर चढत नव्हतं. ड्रायव्हर रडायलाच लागला. दोन महिन्यांपूर्वी आंब्याच्या बागेत जांभ्या दगडावर गाडी आपटली होती आणि शेठच्या भीतीने तो बोलला नव्हता. म्हातारी बाकावरून म्हणाली, "अडवलंत ते बरं केलंत." ती माणसं संध्याकाळच्या एसटीने पुढे गेली, गाडी दुसऱ्या दिवशी ओढून परत आणली. शेठ आपल्याकडे पुन्हा आले नाहीत. कितीतरी महिने लोक तुला विचारायचे, वायर तूच काढलीस का, आणि तू हो म्हणायचीस. मी शेजारीच काम करत असायचे.

परतीच्या वाटेवर तू एकदाच विचारलंस, "मी दीडला आले होते. तेव्हाच का नाय सांगितलंस?" मी म्हटलं, "तू दमून आली होतीस, तुझं जेवण होऊ दे म्हटलं." तू माझ्या पाठीवर हात ठेवलास. तुला ते खरं वाटलं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच लिहिता येतंय. तू जेवत होतीस तेव्हा मी सारखी घड्याळाकडे बघत होते. दोन वाजून जायची वाट बघत होते, आई. ते एकदा निघून गेले की कुणालाच काही करता येणार नाही, मग मला बोलावं लागणार नाही, असं मला वाटत होतं. दोन वाजले तेव्हा मी तुला आणखी भात वाढला.