तेल थंड होईपर्यंत

सर, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. हे पत्र पोचणार नाही, म्हणूनच लिहायला धीर आला. गोष्ट तुमच्या एका सहीची आहे. त्या सहीवर मी वीस वर्षं नोकरी करते आहे आणि ती सही माझ्या हक्काची नव्हती.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी डायोडची बँड गॅप काढायचं प्रॅक्टिकल होतं. डायोड तेलात बुडवून तापवायचा आणि तेल थंड होताना दर पाच अंशांना त्याच्यावरचं व्होल्टेज लिहायचं. अख्खी दुपार जायची. म्हणून आमच्यात रीतच होती, वरच्या वर्गाचं जर्नल आणायचं आणि आकडे जरा इकडंतिकडं करून उतरवायचे. मीही उतरवले. उत्तर अगदी पुस्तकातलं आलं. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून जर्नल बघताय. "लई भारी काम केलंस," तुम्ही म्हणता. "फक्त औंदा मी डायोड बदललाय. तुझ्या तेलात सिलिकॉन होतं. मग वहीत जर्मेनियमचा आकडा कुठनं आला, अन् तोबी इतका नेमका?" सगळी बॅच हसली. उतरवलं सगळ्यांनीच होतं, पण गठ्ठ्यात माझं जर्नल वर होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला एकटीला पुन्हा बसवलं आणि शेजारी स्टूल ओढून बोलत राहिलात. ही गॅप म्हणजे इलेक्ट्रॉननं ओलांडायचा नाला. काही पदार्थांत तो उडी मारून परत येताना उजेड पडतो, आणि उजेड लाल की निळा हे नाल्याची रुंदी ठरवते. टीव्हीच्या रिमोटचा नाला अरुंद, म्हणून त्याचा उजेड आपल्याला दिसतच नाही. मला ते सगळं फार आवडलं, खरंच. मग तुम्हाला ऑफिसातून बोलावणं आलं. तेल पंचावन्न अंशांवर होतं आणि माझी पैठणची एसटी पाचला. उरलेले आकडे मी मनानं लिहिले. नेमकं उत्तर आलं की तुम्हाला संशय येतो हे आदल्या दिवशीच शिकले होते, म्हणून दोन आकडे मुद्दाम बिघडवले.

उत्तर थोडं चुकलं. ते बघून तुम्ही खूश झालात. "व्हय, हे खरं. खऱ्या मापात थोडी खोट असतीच," म्हणत सही केलीत. पुढं चिकलठाण्याच्या दिव्यांच्या कारखान्यात मला टेस्टिंगला घेतलं, तेही तुम्ही तिथल्या साहेबांना सांगितलंत म्हणून: "या पोरीचा आकडा दुसऱ्यानं तपासायची गरज नाय." तिथं मी आजही एलईडी तापवून मोजते. मनानं एकही आकडा लिहिलेला नाही. त्यानं काही भरून येत नाही, हे मला कळतं.

शेवटचे भेटलात ते क्रांती चौकात, रस्ता ओलांडायला थांबलेले. सोबतच्या गृहस्थांना म्हणालात, "एवढ्या वर्षांत मी रागावल्यावर खरं काम करून दाखवलं, ते हिनं एकटीनं." मी मान खाली घातली. तुम्हाला तो विनय वाटला, आणि मी तसं वाटू दिलं.