सरळ चौकट दाखवणारा कॅमेरा

३ मार्च, सोमवार

मेला! दोन बेडरूम झाल्या, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले, बटण दाबलं — आत कडकड वाजलं आणि समोर अंधार. अकरा वर्षं वापरलेला आरशाचा कॅमेरा. आरसा वर जाऊन अडकला तो खाली यायचं नाव घेईना. एजंट शेजारीच उभा. म्हणे, "मोबाइलवर काढा ना मॅडम, कोणाला कळतंय!" विकायच्या घरांचे फोटो मोबाइलवरच काढायचे तर मला कशाला बोलावतोस? अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. निम्मी कामं त्याच्याकडूनच येतात.

आणि पंचवीस तारखेपासून नव्या संकुलाचे बत्तीस फ्लॅट आहेत. एवढं मोठं काम पहिल्यांदाच. त्याआधी कॅमेरा हवा. हवाच.

५ मार्च

साठवलेत तेवढ्या पैशांत एक तर चांगली बॉडी येते, नाहीतर चांगली लेन्स. दोन्ही नाही. तीन तास व्हिडिओ बघितले. जो तो सांगतोय — लेन्सवर खर्च करा, बॉडी काय, बदलत राहते. फुकट मिळालेला कॅमेरा हातात धरून सांगायला यांचं काय जातंय!

आता सगळं मिररलेस. आत आरसा नाही. फाइंडरला डोळा लावला की इवलासा टीव्ही दिसतो, त्यात बघून फोटो काढायचा. मोठ्या सेन्सरची जुनी बॉडी आणि स्वस्तातली वाइड लेन्स घ्यावी, की छोट्या सेन्सरची नवी बॉडी आणि जरा बरी लेन्स? माझ्या कामात एकच गोष्ट बघायची — दाराची चौकट सरळ आली पाहिजे. चौकट वाकली की घर कलल्यासारखं दिसतं आणि एजंटचा फोन येतो.

बाबा ऐकत बसले होते. सुतार माणूस, काम सोडून वीस वर्षं झाली तरी चौकट म्हटलं की कान टवकारतात. म्हणाले, "कागदावरचं सोड. डोळ्याला लावून बघ आणि मग घे."

७ मार्च

भिंगवाल्यांकडे गेले. खरं नाव काय देव जाणे, जुने कॅमेरे आणि लेन्स विकतात म्हणून सगळे भिंगवाले म्हणतात. दुकान म्हणजे बोळातली एक खोली, भिंतभर कपाटं, मध्ये ते. मोठ्या सेन्सरची वापरलेली बॉडी आणि सोळा मिलिमीटरपासूनची वाइड लेन्स घेतली. पंधरा दिवसांत बदलून मिळेल म्हणाले. घरी येईपर्यंत पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले होते. मूल आणल्यासारखी!

८ मार्च

लेन्स भिकार आहे. दिवाणखान्याचं दार फाइंडरमध्ये मधोमध पोट आल्यासारखं दिसतंय. कडा ठीक, मध्येच वाकडं. स्वस्त वाइड लेन्स कडांना वाकवते हे माहीत होतं. मध्ये वाकवणारी पहिल्यांदाच बघतेय.

फोटो लॅपटॉपवर टाकला तर दार सरळ. म्हणजे कॅमेरा फोटो काढल्यावर आतल्या आत दुरुस्त करतो आणि फाइंडरमध्ये कच्चा माल दाखवतो. शहाणाच आहे!

१० मार्च

लेन्स बदलली. दुसरी, जरा महाग. तेच. तस्संच पोट.

१२ मार्च

आता बॉडी बदलली. लेन्सचा दोष नाही, त्या आतल्या टीव्हीचाच आहे, अशी माझी खात्री झालीये. भिंगवाल्यांनी स्वतः डोळा लावून बघितलं. "ताई, मला तर सरळ दिसतंय." म्हटलं, तुमचा माल आहे, तुम्हाला सरळच दिसणार. ते रागावले नाहीत, म्हणून मलाच जास्त राग आला. "फोटो सरळ येतोय ना? मग झालं की." मग झालं की! मी फोटो डोळ्यांनी बघून काढते, फाइलने नाही.

छोट्या सेन्सरची बॉडी घेऊन आले. थोडे पैसे परत मिळाले. तेवढाच आनंद.

धाकटीचा फोन आला होता. ती चालवते ती कंपनीची बस दुपारी तीन तास उभी असते, तेव्हा तिला गप्पा सुचतात. म्हणाली, "ताई, तू नवरा बघायला गेलीस तेव्हापण अशीच नाकं मुरडत होतीस. आणि सगळ्यात वाईट तोच निवडलास." खूप हसलो दोघी.

१५ मार्च

एजंटचा फोन. "मॅडम, परवाच्या फ्लॅटचं दार पडतंय की काय? कस्टमर विचारतोय." उघडून बघितलं. खरंच कललंय. फाइंडरमध्ये सरळ दिसावं म्हणून मी कॅमेरा तिरका धरला आणि फोटोत दार तिरकं आलं. पंचवीसला दहा दिवस उरले.

स्क्रीनवर बघून काढावेत का? हात लांब करून, पर्यटकांसारखे? बावीस वर्षं डावा डोळा मिटून उजव्याने बघत आलेय. आता नाही जमणार.

१७ मार्च

भिंगवाल्यांनी तिसऱ्यांदा बदलून द्यायला नकार दिला. रीतसर, हात जोडून. मग काउंटरच्या पलीकडून एक गोष्ट करायला सांगितली. कॅमेऱ्याच्या मेन्यूतून फाइंडरमध्ये आडव्या-उभ्या रेषांची जाळी सुरू केली आणि लेन्सला झाकण लावलं. "आता बघा. या रेषा लेन्समधून येत नाहीत, कॅमेरा स्वतः काढतो. या वाकड्या असूच शकत नाहीत."

डोळा लावला. काळ्यावर पांढरी जाळी. मधोमध वाकडी.

म्हटलं, बघा, म्हणत होते ना मी! टीव्हीच खराब.

ते उठले. कपाटातून एकेक बॉडी काढून जाळी सुरू करून माझ्या हातात देत गेले. एक नवीकोरी होती, डब्यातली, माझ्या ऐपतीच्या चौपट. पाच झाल्या. पाचही वाकड्या. मग म्हणाले, "ताई, एकदा दुसऱ्या डोळ्याने बघा."

बघितलं. सरळ.

त्यांच्या स्टुलावर बसले. त्यांनी चहा मागवला, मी तो प्याले की नाही आठवत नाही. येताना रस्त्यात एकदा उजवा डोळा झाकत होते, एकदा डावा. समोरच्या विजेच्या खांबाला कमरेत बाक येत होता आणि जात होता. लोक बघत होते.

१८ मार्च

झोपूनच होते. बाबांना सांगितलं, पित्त झालंय.

२० मार्च

डोळ्यांची डॉक्टर माझ्यापेक्षा लहान आहे. एक कागद दिला, चौकोनांची जाळी आणि मध्ये ठिपका. "ठिपक्याकडे बघा. रेषा कशा दिसतात?" म्हटलं, पाच कॅमेऱ्यांत बघून आलेय, याच्यातही तशाच.

डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाला सूज आहे. खाली नको त्या रक्तवाहिन्या वाढल्यात. डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागतील, दर महिन्याला, किती ते माहीत नाही. गेलेली नजर फारशी येणार नाही, आहे ती टिकवायची. डावा आज चांगला आहे. आज — हा शब्द तिने दोनदा वापरला.

"कधीपासून?" म्हटलं, पंधरा दिवस. मग आठवलं. जानेवारीत जुन्या कॅमेऱ्यातही दारं जरा मऊ दिसायची, मी लेन्स पुसत बसायचे. ते सांगितल्यावर म्हणाली, "तेव्हा आला असतात तर बरंच वाचलं असतं."

घरात अजून कोणाला? नाही म्हटलं. वडिलांना फक्त चष्मा आहे.

२१ मार्च

पहिलं इंजेक्शन झालं. दुखत नाही म्हणतात ते खोटं आहे, फार दुखतं तेही खोटं आहे. सुई येताना दिसते, हे मात्र कोणी सांगत नाही.

बाबांना म्हटलं, डोळे आलेत. एजंटला काही म्हटलं नाही. फोटो काढणारीचा डोळा गेला हे ऐकून मला बत्तीस सोडा, कोणी दोन फ्लॅट देईल का?

२३ मार्च

बॉडीचा शोध पुन्हा पहिल्यापासून! माझ्याकडे आहे तिचा फाइंडर डाव्या कोपऱ्यात, म्हणजे उजव्या डोळ्याच्या माणसांसाठी. डावा डोळा लावला की नाक पाठीमागच्या टच स्क्रीनवर टेकतं आणि फोकस भलतीकडेच पळतो. दाराऐवजी नळ स्पष्ट. टच बंद केला तर स्क्रीनला नाकाचं तेल. आणि डावा डोळा एवढा बावळट, त्याला मिटायची सवय आहे, बघायची नाही.

भिंगवाल्यांना फोन केला. मध्ये उंचवटा असलेली बॉडी ठेवलीये म्हणाले, फाइंडर मधोमध, नाकाला जरा जागा मिळते. "मी तिसऱ्यांदा बदलणार नाही म्हणालो होतो, ते विसरा." मला रडूच फुटलं. वरचे पैसे कामाचे आले की द्या म्हणाले.

२५ मार्च

पहिला दिवस, सहा फ्लॅट. जमलं! सावकाश, प्रत्येक फोटो दोनदा, पण जमलं. एजंट म्हणाला, "आज डाव्या हाताने जेवल्यासारखं काय करताय?" म्हटलं, नवीन कॅमेरा आहे.

३१ मार्च

वीस झाले. दारं सरळ आहेत. घरी आल्यावर डावा डोळा ठणकतो आणि दर वेळी वाटतं — याचीही वेळ आली. रोज सकाळी बाथरूममधल्या फरशांसमोर उभी राहून एकेक डोळा झाकते. डाव्याची पाळी आली की श्वास धरून ठेवते.

२ एप्रिल

बाबांनी पकडलं. दार लोटलेलं होतं, मी एका डोळ्यावर हात धरून फरशांपुढे उभी. थोडा वेळ बघत राहिले. म्हणाले, "मधोमध का?"

मला कळेना. "काय मधोमध?"

"वाकडं. मधोमध दिसतं का?"

मग सगळं बाहेर आलं. बावन्नाव्या वर्षी कंबर गेली म्हणून काम सोडलं, असं आम्ही दोघी समजत होतो. कंबर धडधाकट होती! एका घराच्या पाच चौकटी यांनी वाकड्या बसवल्या. ओळंबा सोडून बघितला तर दोरीच वाकडी दिसे. तर यांनी ओळंबा बदलला. मग दोरी बदलली. मग पितळी वजन बदललं. तीन ओळंबे घेतले बाबांनी! ओळंबा कधी वाकडा लटकतो का हो, म्हटलं. आणि हसायलाच लागले मी, थांबेना. बाबाही हसले. मग मी इतकी चिडले की हातातला मग बेसिनमध्ये आपटला, कान तुटला त्याचा.

वीस वर्षं! टीव्हीपुढे खुर्ची तिरकी ठेवून बसतात ते यासाठी. पेपर नुसता धरून बसतात. शेजारच्या काकू गेल्या तेव्हाची बातमी मीच वाचून दाखवली होती. "तुम्ही एक शब्द बोलला असतात तर मी जानेवारीतच गेले असते." म्हणाले, "आंधळ्या सुताराला कोण काम देणार होतं? तुमची लग्नं व्हायची होती." आणि त्यानंतर? त्यानंतर राहूनच गेलं म्हणे.

मला त्यांचा संताप येतोय. आणि मी एजंटला काय सांगितलं तेही आठवतंय.

३ एप्रिल

डॉक्टरला फोन केला. वडिलांना आहे म्हटल्यावर तिचा आवाज बदलला. "भावंडं किती?" एक बहीण. "लगेच घेऊन या."

बाबा म्हणतात, नको. "तिला कशाला? ड्रायव्हरची नोकरी. कागदावर आलं की बसवरून उतरवतील. तिला काही होत असतं तर बोलली असती ना." मी म्हटलं, कोणाच्या घरात वाढलीये ती?

नोकरी जाईल हे खरंच आहे. तिचं घर तिच्याच पगारावर चालतं. दोनदा फोन उचलला, ठेवला.

४ एप्रिल

एजंटला सांगून टाकलं. उजवा गेलाय, डाव्याने काढतेय, उरलेले बारा द्यायचे की नाही तू ठरव. त्याने वीस फ्लॅटचे फोटो पुन्हा बघितले. "दारं तर सरळ आहेत," म्हणाला. पुढचं बघू म्हणाला. बघू म्हणजे काय ते मला कळतं. तरी छाती हलकी झाली.

६ एप्रिल, रविवार

धाकटी आली. बाबांसमोरच सांगितलं, सगळं, पहिल्या लेन्सपासून. ती आधी हसत होती. मग हसायची थांबली. म्हणाली, "ताई, मी बसची पुढची काच दोनदा बदलून घेतलीये."