बेसची मधली जागा

प्रिय रघु,

दुसऱ्या मजल्यावरून पहिल्या मजल्यावर पत्र पाठवणारा या चाळीतला मी पहिलाच येडा असेन. हसू नको. सरळ खाली उतरून आलो असतो, पण तुझ्यासमोर मला एक वाक्य तरी कधी पुरं करता आलंय? मी अर्ध्यात असतो तोवर तुझं उत्तर येतं आणि मग मी तुझ्याच उत्तराला मान डोलावतो. चाळीस वर्षं हेच चाललंय. म्हणून लिहितोय. मधेच फाडून टाकू नको, शेवटपर्यंत वाच, मग काय शिव्या घालायच्या त्या घाल.

ओवी कशी आहे? काल गॅलरीत दिसली. उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्या हाताच्या अंगठ्याने मोबाइल चालवत होती. मला बघून ओरडली, काका, प्लास्टरवर सही करायची राहिलीय तुमची. पेन आणतो म्हणून मी आत गेलो आणि बाहेर आलोच नाही. श्रेयाने विचारलं, काय झालं, तर तिच्यावरच खेकसलो. बायको बिचारी भाजी निवडत होती, तिचा काय दोष.

रविवारपासून माझं डोकं ठिकाणावर नाही, रघु. सकाळी दहाची प्रॅक्टिस, फक्त पाच थर. आपलं पथक हंडीच्या दिवशी सात लावतं, पाच म्हणजे आपल्याला हातपाय मोकळे करण्यासारखं. आणि तेवढ्यात अगदी वर चढलेली तुझी पोर खाली आली. खालच्यांनी झेलली म्हणून मनगटावर निभावलं. डोक्यावर आली असती तर, हा विचार दिवसातून दहा वेळा येतो. तू तिला टॅक्सीत घालून नेलंस तेव्हा तुझ्या पायात चप्पल नव्हती, तुला तरी कळलं होतं का?

आणि संध्याकाळी परत आलास ते थेट हर्षवर्धनवर. दुसऱ्या थरावर त्याचा पाय सरकला हे पन्नास जणांनी पाहिलं होतं. तू म्हणालास, पथकाचा टी-शर्ट काढून ठेव. तेवढ्यावर थांबला असतास तरी चाललं असतं, पण वर म्हणालास, बाहेरची पोरं घेतली की हे असंच होतं. बाहेरची म्हणजे कुठली रे? वरळीची बीडीडी चाळ काय परदेशात आहे? तीन वर्षं तो पोरगा ड्यूटी संपवून इथे येतो. आता त्यांना टॉवरमध्ये घर मिळालं, तरी पहिला पेढ्यांचा बॉक्स आपल्या चाळीत घेऊन आला. तो पेढा तूही खाल्लास. त्याने टी-शर्ट काढला, घडी करून टेबलावर ठेवला आणि गेला. आणि मी? मी तिथे भिंतीला टेकून उभा होतो, मूग गिळून.

तू मला माझ्या ऑपरेशनबद्दल कधी नीट विचारलं नाहीस. राग नाही, तुला दवाखान्याचं नाव काढलं की घाम फुटतो हे मला माहीत आहे. तुला एवढंच ठाऊक की वैभवचं पोट कापलं आणि तो बारीक झाला. च्यायला, बारीक होणं एवढं सोपं असतं तर काय हवं होतं. गेल्या दसऱ्याला मी एकशे बेचाळीस किलो होतो. साखर वाढलेली, गुडघे गेलेले, झोपेत श्वास थांबायचा म्हणून नाकाला मशीन. श्रेया रात्र रात्र जागी राहून माझा श्वास चालू आहे का बघायची, ते मला डॉक्टरांसमोर पहिल्यांदा कळलं. तिथे ती रडली आणि मी फॉर्मवर सही केली. पोटाचा बराचसा भाग कापून काढला, उरलं ते एका केळ्याएवढं. पहिले दोन दिवस औषधाच्या बुचातून पाणी, घोट घोट. मग पंधरा दिवस नुसतं पातळ. आई पेज करून आणायची आणि मी चार चमच्यांत हात वर करायचो. ती म्हणायची, मेल्या, डॉक्टरान तुझा पोट कापल्यान काय जीभ कापल्यान? मग पदर डोळ्याला. तिच्या लेखी न जेवणारा माणूस म्हणजे अर्धा गेलेला माणूस.

आता नऊ महिने झाले, एक्क्याण्णव किलो आहे. साखरेच्या गोळ्या बंद, मशीन कपाटावर. डॉक्टर खूश, श्रेया खूश. मीही खूश आहे, खोटं कशाला बोलू. पण हे कोणी सांगत नाही की घाईत एक घास जास्त गेला तर छातीत दगड बसतो, डोळ्यांत पाणी येतं आणि मोरीकडे धावावं लागतं. जेवताना पाणी प्यायचं नाही. व्हिटॅमिनच्या गोळ्या जन्मभर. केस मूठ मूठ गेले. दंडाखालची कातडी लोंबते ती शर्टात कोंबावी लागते. आणि चाळीतल्या नजरा! पुढ्यात म्हणतात, वैभव, काय स्मार्ट झालास रे. पाठ वळली की विचारतात, नक्की काय झालंय, मोठा आजार तर नाही ना? सुंदराबाईंनी तर आईला बाजूला घेऊन सांत्वन केलं. मी चिवडा गल्लीत उभा राहून त्यांच्यासमोर एक चिवड्याची वाटी संपवून दाखवणार होतो, पण अर्धीसुद्धा संपली नसती.

सगळ्यात वाईट म्हणजे मला आता एका जागी बसवत नाही. जेवढं अंग उतरलं तेवढी ही वळवळ वाढली. डेपोत खुर्चीवर बसलो की पाय हलतात, घरी आलो की गॅलरीत येरझाऱ्या. मेडिकलवाल्याच्या काट्यावर दिवसातून तीनदा चढतो. सकाळी एक्क्याण्णव, दुपारी साडेएक्क्याण्णव, संध्याकाळी परत तेच. कमी झालं की भीती वाटते, वाढलं की जास्त भीती वाटते. तो मेडिकलवाला आता मला बघून तोंड फिरवतो.

या नऊ महिन्यांत माझ्यासोबत चाललं कोण, माहीत आहे? हर्षवर्धन. परळच्या हॉस्पिटलात तो एक्सरे काढतो, माझं ऑपरेशन तिथेच झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वॉर्डात आला आणि म्हणाला, काका, उठा, चालायचंय. पोटात नळी, हातात सलाइन, मी म्हटलं, गप रे. पण त्याने उठवलंच. कॉरिडॉरच्या टोकापर्यंत सोळा पावलं, मी त्याच्या खांद्यावर लटकून. घरी आल्यावर रोज ड्यूटी सुटली की हजर. चाळीपासून भोईवाडा, तिथून हिंदमाता आणि परत. वाटेत त्याची आवडती वड्याची गाडी लागायची. चार महिने त्याने तिथे पाऊल थांबवलं नाही. एकदा मीच म्हटलं, तू खा रे, मी बघतो. तर म्हणे, मला भूक नाही. दिवसभर उभा राहिलेला सव्वीस वर्षांचा पोरगा, त्याला भूक नाही.

शंभराच्या खाली आलो तो दिवस मला आठवतो. श्रेयाने देवापुढे साखर ठेवली. मला मात्र तुझी आठवण झाली. म्हटलं, आता बेसला कोण उभं राहणार? तुला हसू येईल, पण रघु, या चाळीत माझी दुसरी ओळख काय होती? दहावीला दोनदा आपटलो, डेपोत साधा फिटर, लग्नाला मुलगी मिळेना म्हणून आईने सात गावं पालथी घातली. वर्षभर जाड्या, ढोल्या ऐकायचं. पण हंडीच्या दिवशी बेसच्या मधोमध मी. एकोणीस वर्षं. आधी पोरं माझ्या पाया पडायची, मग खांद्यावर चढायची. तू भोंग्यावर ओरडायचास, आपला गोदरेज उभा आहे, चढा बिनधास्त. त्या पाच मिनिटांत माझ्या प्रत्येक किलोला किंमत होती. ते माझं एकट्याचं होतं.

गुरुपौर्णिमेला नारळ फुटला, प्रॅक्टिस सुरू झाली. मी मागे उभा होतो. तू सगळ्यांतून मला शोधलंस आणि विचारलंस, वैभ्या, जमेल ना? खरं तर तुझ्या तोंडावरच दिसत होतं, तुला ‘नाही’ ऐकायचं नव्हतं. आणि मलाही ‘नाही’ म्हणायचं नव्हतं. म्हटलं, हाडं तीच आहेत, जमेल की. हर्षवर्धन मला बाजूला घेऊन म्हणाला, काका, मधे नको, बाहेरच्या कड्यात हात लावून उभे राहा, मी रघुकाकांशी बोलतो. मी त्याला माझ्या गळ्याची शपथ घातली की रघुला एक शब्दही सांगायचा नाही. शेवटी तो म्हणाला, ठीक आहे, पण मग तुमच्या खांद्यावर मीच उभा राहणार, दुसऱ्या कुणाला चढू देणार नाही. म्हणून त्याने तुझ्याकडे हट्ट करून ती जागा मागून घेतली. तुला वाटलं, पोरगा पुढे पुढे करतोय.

पहिल्या दोन प्रॅक्टिसला काय झालं सांगू? पूर्वी वरच्याची टाच माझ्या खांद्यावर रुतायची ती चरबीत. आता थेट हाडावर. डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. दोन्ही खांदे काळेनिळे, श्रेया रात्री मलम चोळायची. आणि जुना टी-शर्ट अंगावर असा लोंबायचा की नवीन पोरं हसली. एक जण म्हणाला, काका हँगरला लावलेत काय? तू त्याला गप्प केलंस, पण तूही हसलास. मी पाहिलं.

आता ऐक, ज्यासाठी एवढं सगळं लिहिलं. तू पहिल्या दिवसापासून पोरांना शिकवलंस की बेसच्या खांद्यावर काहीही ठेवायचं नाही, रुमालसुद्धा नाही, वरच्याला पायाखाली माणूस कळला पाहिजे. रविवारी सकाळी मी आईचं एक जुनं लुगडं घेतलं, धुऊन धुऊन मऊ झालेलं, त्याच्या दोन जाड घड्या केल्या आणि टी-शर्टच्या आत दोन्ही खांद्यांवर बांधल्या. हाड दुखू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे आरशात पाहिलं तर खांदे पुन्हा पूर्वीसारखे भरलेले दिसले आणि मला ते काढवेना. तू मैदानात माझ्या पाठीवर थाप मारून म्हणालास, आला बघ माझा जुना वैभ्या! त्या थापेसाठी मी काहीही केलं असतं. मग थर लागले, ओवी वर पोचली, तिने हात वर केले आणि माझ्या उजव्या खांद्यावरची घडी सुटून सरकली. हर्षवर्धनचा पाय चुकला नाही, रघु. त्याच्या पायाखालून कापड गेलं. पाठोपाठ सगळे कोसळले, तू ओवीकडे धावलास, आणि मी गुडघ्यांवर पडलेलो असताना तो माझ्यापाशी आला. लुगड्याचा काठ माझ्या गळ्यातून बाहेर लोंबत होता. त्याने तो स्वतःच्या हाताने माझ्या टी-शर्टात परत खोचला, कुणी बघायच्या आत. त्याच संध्याकाळी तू त्याला बाहेरचा म्हणालास आणि त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, शपथ पाळली. ओवीला मी पाडलं. उद्या सकाळी दहा वाजता हे मी मैदानात सगळ्यांसमोर बोलणार आहे, आणि त्या मधल्या जागेवर आता पुन्हा उभा राहणार नाही. तुला आधी कळवलं, कारण पोर तुझी आहे. मला मारायचं असेल तर मार, मी हात वर करणार नाही, पण आधी वरळीला जाऊन त्याला घेऊन ये.

तुझाच म्हणवून घ्यायची लाज वाटते, तरी तुझाच,
वैभव