शब्दकोशात अडकलेला आवाज

आई, तुझा तो सीडीवरचा शब्दकोश गेल्या महिन्यात माझ्या मोबाइलवर चालू झाला. शब्द आले, अर्थ आले. तू नाही आलीस.

नातीचं मराठी सुधारावं म्हणून मी ती सीडी बालीगंजच्या घरी आणली होती. शब्दावर टिचकी मारली की आतली बाई तो म्हणून दाखवायची. तू पोळ्या लाटता लाटता ऐकतेस आणि म्हणतेस, "ही काय बातम्या देतेय? असं 'वरण' म्हटलं तर पोरीची भूक मरेल!" आपला आवाज भरायची सोय त्यात होती, म्हणून मी माइक ओट्यावर आणून ठेवला. मग रोज स्वयंपाक करता करता तुझे शब्द. मागे कुकर, खाली मासेवाल्याची हाक. "आई, गॅस बंद करून बोल की." "मग ताटात काय, शब्द वाढू?" भांडी घासणाऱ्या बंगाली मासीलाही तू बोलायला लावायचीस. तुझ्या काचेच्या बांगड्या किणकिणत, तिच्या शंखाच्या खटखटत, सगळ्या माइकवर आपटायच्या.

ती नात आता न्यू टाउनला नोकरी करते. मध्यंतरी तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "बाबा, शब्दकोश तर कुठलाही मिळतो. मला फोनमध्ये आजीचं आवाज पाहिजे." मला वाटलं, हे तर घरचं काम. कॉलेज सोडून दुरुस्तीचं दुकान टाकलं ते या कानांच्या जोरावर. बिघडलेल्या कॉम्प्युटरला नुसता कान लावून मी रोग सांगतो. पण भरलेले आवाज कंपनीने आपल्याच कुलूपबंद फाइलींत ठेवलेले, कंपनी कधीच बुडालेली, आणि आपल्या जुन्या कॉम्प्युटरची डिस्क इथल्या ओलीने खाल्लेली. ओळखीच्या इंजिनिअरने हात टेकले, "दादा, आर होबे ना. छेडे दिन." आता काही होणार नाही, सोडून द्या म्हणाला, तरी मी सोडलं नाही. एकेक फाइल उघडत गेलो. नुसती खरखर.

एकच उघडली. बांगड्या वाजतात, कुणीतरी बोलायला श्वास घेतं, आणि तुटतं. तुझ्या नातीने फोन कानाशी धरून ते पुन्हा पुन्हा लावलं.

"आजीच ना?"

"मग दुसरं कोण असणार?" मी म्हणालो.

आता ती ऑफिसला जाताना रोज ते ऐकते. हे पत्र काही कुठे जायचं नाही, म्हणून तुला सांगतो. त्या बांगड्या काचेच्या नाहीत, आई. मला पहिल्यांदा ऐकतानाच कळलं होतं.